नागसेनाची अट



मिलिंदपञ्ह हा ग्रंथ आपल्यापैकी काहींच्या घरात आहे. ज्यांच्या घरात नाही त्यांच्याही कानावरून त्याचे नाव गेलेले आहे. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भदंत नागसेन उत्तरे देतात, एवढे आपण सर्वजण जाणतो. परंतु ही दीर्घ प्रश्नोत्तरे रंगण्यापूर्वी एक लहानसा प्रसंग घडतो, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आज वर्षावासातल्या या पौर्णिमेला विहारात महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली बरीच आली आहेत. कोणी शहरातल्या वसतिगृहातून आले आहे, कोणी रोज बसने जाऊन-येऊन शिकत आहे. त्यांच्यासाठी म्हणून आज तो प्रसंग घेतो.

राजा मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा मिनँडर. शाकल ही त्याची राजधानी. वादविवादात त्याचा हात धरणारा कोणी उरला नव्हता. श्रमण असो वा ब्राह्मण, राजाने प्रश्न टाकावा आणि समोरच्याने मान खाली घालावी, असे चालले होते. ग्रंथकार सांगतो की विद्वान लोक शाकल सोडून निघून गेले आणि बारा वर्षे ती नगरी पंडितांवाचून ओस पडली. अशा या राजाची आणि नागसेनांची गाठ पडली. पाचशे यवनांचा लवाजमा राजाच्या मागे होता. पुढे चर्चा कराल काय, असे राजाने विचारले तेव्हा नागसेनांनी अट घातली. राजा पंडितांच्या रीतीने बोलणार असेल तर चर्चा करीन, राजांच्या रीतीने बोलणार असेल तर करणार नाही. दोहोंत फरक काय, असे राजाने विचारले. नागसेनांनी समजावले, की पंडितांच्या चर्चेत एकजण गाठ मारतो, दुसरा ती सोडवतो. एकाची चूक दाखवली जाते, तो ती कबूल करतो. आणि इतके होऊनही कोणी कोणावर रागावत नाही. राजे मात्र एक मुद्दा मांडतात, आणि जो त्याला हो म्हणणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने अट मान्य केली. मगच चर्चा पुढे गेली.

बंधूंनो, या प्रसंगातली हिंमत लक्षात घ्या. भिक्षापात्राखेरीज ज्याच्या हातात काही नाही तो माणूस सत्ताधीशाला सांगतो, की तुझी सत्ता बाहेर ठेवून आत ये. ज्ञानाच्या जागेत प्रवेश करताना पादत्राणे बाहेर काढतात तशी सत्ताही बाहेर काढून ठेवावी लागते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या खेड्यांत आपल्या माणसाने चावडीसमोरून जाताना खाली पाहून जायचे, तिथली पोरे पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने त्या माळरानावर आली. त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. नावे पुष्कळ ठेवता आली असती. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव इमारतीला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव झाडांना, यात मला तरी नागसेनाच्या अटीची आठवण दिसते. इथे येणाऱ्या मुलाने बोलावे, त्याच्या बोलण्याला उत्तर मिळावे आणि बोलल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये, असा त्याचा अर्थ मी घेतो.

तिथली मुले केवळ परीक्षा देऊन थांबली नाहीत. प्रा. म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले 'युगयात्रा' हे नाटक १९५५ च्या सुमारास तिथल्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या समोर केले. अस्पृश्य माणसाच्या वाट्याला युगानुयुगे काय आले ते या नाटकात दाखवले होते. पुढे १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी जमलेल्या अफाट समुदायापुढेही ते झाले. विचार करा, ज्यांच्या बापाला देवळाच्या पायरीशी उभे राहता येत नव्हते ती पोरे महाविद्यालयाच्या मंचावर उभी राहून आपल्याच आजोबा-पणजोबांची भूमिका करीत होती. पुस्तकात वाचलेली गुलामगिरी वेगळी आणि शेजारच्या खोलीतला मित्र ती अंगावर घेऊन समोर उभा राहतो तेव्हाची वेगळी. पाहणाऱ्याला कळते, की हे आपलेच होते, आणि हे पुन्हा होऊ द्यायचे नाही. पुढे याच परिसरातून 'अस्मितादर्श' नियतकालिक निघाले, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते आयुष्यभर चालवले, आणि दलित साहित्याला त्याने घर दिले. दलित रंगभूमीची मुळेही पुष्कळ अंशी या माळरानातच आहेत.

आता कोणी उपासक विचारील, आणि मागे एका ज्येष्ठ उपासिकेने मला विचारलेही आहे, की गुरुजी, उपोसथाच्या दिवशी आपण अष्टशील घेतो, त्यात नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहण्याचे शील आहे. मग नाटक आणि गाणी विहारात कशी चालतील? प्रश्न रास्त आहे. आजच उपोसथ आहे, म्हणून तर आज इथे पेटी-तबला नाही. उपोसथाचे शील त्या दिवसापुरते, मनाला स्थिर बसवण्यासाठी आहे. परंतु तथागतांना कलेचे वावडे होते असे कोणी समजू नये. दीघनिकायात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि तथागतांपुढे गातो. त्याचा आवाज आणि वीणेच्या तारा एकमेकांत किती चांगल्या मिसळल्या, याचे तथागत कौतुक करतात.

याच्या उलट बाजूचा प्रसंग संयुत्तनिकायात आहे. तालपुट हा एका नटमंडळीचा नायक. तो तथागतांकडे येऊन विचारतो, की आमच्या धंद्यातले जुने गुरू सांगतात, जो नट रंगमंचावर लोकांना हसवतो, रिझवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो. आपले मत काय? तथागत म्हणतात, राहू दे, हे विचारू नकोस. तो दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. तेव्हा तथागत सांगतात, की लोकांच्या मनात लोभ आहेच, द्वेष आहेच, मोह आहेच. नट त्याच आगीत आणखी लाकडे घालतो, स्वतः धुंद होतो आणि दुसऱ्यांना धुंद करतो. त्याची गती चांगली नाही. तालपुट ढसाढसा रडला. तथागतांच्या बोलण्यामुळे तो रडला नव्हता. इतकी वर्षे आपल्या गुरूंनी आपल्याला फसवले, याचे त्याला वाईट वाटले. पुढे तो भिक्षू झाला, अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत, आणि त्या साध्यासुध्या नाहीत. हा नट शेवटी कवी म्हणूनच धम्मात उभा राहिला.

विद्यार्थ्यांनो, या प्रसंगात कलेची कसोटी आहे. नाटक संपल्यावर, गाणे थांबल्यावर, प्रेक्षकांच्या मनात काय वाढले ते पाहा. लोभ वाढला, द्वेष वाढला, मोह वाढला, की कमी झाला?

आपल्या जुन्या जलसेवाल्यांना हे पाली सुत्त कोणी शिकवले नव्हते, तरी त्यांना ही कसोटी ठाऊक होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर तमाशाचाच बाज घेत, तीच ढोलकी, तोच फड, परंतु त्यातून सांगायचे काय ते त्यांनी बदलले. मेलेले ढोर ओढू नका, पोराला शाळेत घाला, दारू सोडा, हे लोकांना हसवत हसवत सांगितले. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांना लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरे मोठेपणी शिकले, आणि पुढे त्यांची गाणी खेड्यातल्या आयाबायांना पाठ झाली. ज्या घरात एकही पुस्तक नव्हते तिथे ती गाणी ग्रंथाचे काम करीत. मी ज्या घरात वाढलो तेही तसेच घर होते, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

आणि आज? मी कोणाला दुखवण्यासाठी बोलत नाही, पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला आवाजाच्या भिंतींचा गोंगाट आठवा. छातीत धडधड होते, म्हातारी माणसे कानांत बोटे घालून बसतात, गाण्यातला एक शब्द ऐकू येत नाही. तालपुटाच्या आगीत आपण आपल्याच वर्गणीने लाकडे घालतो. महाविद्यालयातल्या आपल्या मुलांनाही मग तेच खरे वाटते. जयंतीचा कार्यक्रम म्हणजे पाहुण्यांचे सत्कार, हार, शाल, फोटो, आणि शेवटी वेळ उरला तर एका विद्यार्थ्याला दोन मिनिटे. वेळ उरत नाही. हे सर्व मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आता वाणीकडे वळू. सम्यक् वाचेत चार गोष्टी टाळायच्या आहेत, खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड, हे आपण येथे पुष्कळदा ऐकले. त्यामुळे काहींची अशी समजूत झालेली आहे, की बौद्ध माणसाने गोड बोलावे, कोणाला लागेल असे बोलू नये. महाविद्यालयात अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या मुलाला आपलीच शहाणी माणसे सांगतात, 'अरे, बुद्धाचा धम्म शांतीचा आहे, तू कशाला वाद घालतोस?' या समजुतीने आपले फार नुकसान केले आहे.

मज्झिमनिकायात अभय राजकुमाराची गोष्ट आहे. निगंठ नातपुत्तांनी त्याला एक दुधारी प्रश्न शिकवून तथागतांकडे पाठवले. तुम्ही दुसऱ्याला न आवडणारे बोलता काय? हो म्हटले तर तुमच्यात आणि सामान्य माणसात फरक काय. नाही म्हटले तर देवदत्ताबद्दल कठोर का बोललात? अभयाच्या मांडीवर त्या वेळी एक तान्हे मूल होते. तथागतांनी त्याला विचारले, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, काढून टाकीन. सहज निघाला नाही तर एका हाताने डोके धरून, बोट वाकवून काढीन, रक्त आले तरी काढीन. का, तर मुलाची कणव आहे म्हणून. त्यावर तथागतांनी आपला नियम सांगितला. जे असत्य आहे ते बोलायचे नाही, मग ते लोकांना कितीही आवडो. जे सत्य आहे पण कोणाच्या हिताचे नाही तेही नाही. जे सत्य आहे आणि हिताचे आहे ते ऐकणाऱ्याला आवडो वा न आवडो, योग्य वेळ पाहून बोलायचे.

खडा काढताना रक्त येऊ शकते. मात्र हात आईचा असावा लागतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. मुलीचे आणि महाविद्यालयाचे नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. संविधान दिनाच्या भाषणात तिने एक गोष्ट लिहिली होती. वर्गात शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना प्रवर्गाचे नाव घेऊन उभे करतात आणि अर्जांबद्दल सगळ्यांसमोर विचारतात; त्या दोन मिनिटांत मागच्या बाकावरून काय काय ऐकू येते, तेही तिने लिहिले होते. कोणाचे नाव नाही, एकही शिवी नाही. भाषण आधी दाखवायचा नियम होता. ज्यांनी ते पाहिले त्यांनी सांगितले, 'हा भाग काढ. संविधानावर बोल, बाबासाहेबांच्या अभ्यासावर बोल.' तिने शांतपणे विचारले, 'सर, यातले कोणते वाक्य खोटे आहे ते दाखवा, ते मी काढते.' ते म्हणाले, 'खोटे काही नाही. पण वातावरण बिघडेल.'

भगिनींनो, वातावरण बिघडेल! बारा वर्षे शाकल नगरीचे वातावरण असेच चांगले राहिले होते, कारण बोलणारे निघून गेले होते.

तिने भाग काढला नाही. तिला शेवटचा क्रमांक मिळाला. तोवर निम्मे सभागृह रिकामे झालेले होते, कारण जेवणाची वेळ झाली होती. ती तीन मिनिटे बोलली आणि खाली बसली. टाळ्याही फार पडल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी अर्जांची चौकशी वर्गातून निघाली आणि कार्यालयाच्या खिडकीवर गेली. भाषणामुळे हे झाले की कोणाच्या तक्रारीच्या धाकाने झाले, ते मी सांगू शकत नाही. परंतु आता त्या वर्गात कोणाला उभे राहावे लागत नाही, हे मी चौकशी करून खात्रीने सांगतो.

तिच्या भाषणात आणखी एक गोष्ट होती. ती तिच्या घरच्या बोलीत बोलली. पुष्कळ मुले इथेच अडतात. आपल्या जिभेवर गाव आहे, 'ण' ला 'न' होतो, इंग्रजी येत नाही, लोक हसतील, म्हणून मुलगा तीन वर्षे वर्गात तोंड उघडत नाही आणि पदवी घेऊन गप्पच घरी येतो. अशांसाठी चुल्लवग्गातला प्रसंग सांगतो. ब्राह्मण कुळातून आलेले, आवाजाचे गोड असे दोन भिक्षू तथागतांना म्हणाले, की निरनिराळ्या कुळांतले भिक्षू आपापल्या भाषेत बुद्धवचन बिघडवतात, आम्ही ते छंदस् मध्ये, म्हणजे वेदाच्या भाषेत, बसवून देतो. तथागतांनी त्यांना फटकारले आणि प्रत्येकाने आपल्या भाषेत धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली. ज्या शास्त्याने आपला धम्म गावबोलीच्या हाती सोपवला त्याच्या अनुयायाने आपल्या बोलीची लाज बाळगायची? इंग्रजी जरूर शिका, प्रमाण भाषा शिका, मी शाळेत तीच शिकवतो. पण ती येईपर्यंत गप्प बसू नका.

थेरीगाथेतली पुण्णिका कोण होती? पाणी भरणारी दासी. थंडीत नदीवर पाणी भरायला गेली असता तिने एका ब्राह्मणाला कुडकुडत स्नान करताना पाहिले. पाप धुतो म्हणाला. तिने विचारले, की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळ्याच स्वर्गात जातील की! आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याकडे उरेल काय? तो ब्राह्मण बुद्धाला शरण गेला. ना व्यासपीठ, ना ध्वनिक्षेपक. डोक्यावर घागर, समोर एक श्रोता आणि आपल्या रोजच्या अनुभवातला दृष्टांत. वक्तृत्व स्पर्धेला जाणाऱ्या माझ्या मुलींना मी ही गोष्ट नेहमी सांगतो; चंद्रतारे आणि शेरशायरी शोधत बसू नका, आपल्या घागरीकडे पाहा.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक मुलगी होऊन गेली. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजाची मुक्ता साळवे. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. मांग-महारांच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, अंगावर छप्पर नसते, हे तिने लिहिले. ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला पाहताही येत नाहीत तो आमचा धर्म कसा, हा प्रश्न तिने विचारला. याच प्रश्नाचे उत्तर पुढे १०१ वर्षांनी नागपूरच्या मैदानावर मिळाले. आणि त्याच १८५५ साली जोतिरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवरा-बायकोला जोशी कसा लुबाडतो ते त्यात आहे, आणि शेवटी ती दोघे रात्रीच्या शाळेत जायला निघतात. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. शाळा सुरू होऊन सातेक वर्षे होतात न होतात तोच त्या शाळेशेजारी विद्यार्थिनीचा निबंध आणि शिक्षकाचे नाटक उभे राहिले. शिक्षण, वाणी आणि कला या तिन्ही गोष्टी आपल्या चळवळीत पहिल्यापासून एकाच घरात नांदत आल्या आहेत.

तयारीबद्दल मात्र थोडे कठोर बोलतो. आपली पुष्कळ मुले भाषण पाठ करतात, तेही कोणीतरी लिहून दिलेले. मुठी आवळतात, आवाज चढवतात, घोषणा देऊन खाली उतरतात. खाली आल्यावर कोणी एक प्रश्न विचारला तर उत्तर नसते. बाबासाहेब विद्यार्थी असताना विद्यापीठात कसे बोलले ते पाहा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५. समोर परदेशी प्राध्यापक आणि विद्यार्थी, त्यांना जात म्हणजे काय याची कल्पना नाही. सुरुवातीलाच ते प्रदर्शनांचा दाखला देतात. वस्तूंची प्रदर्शने पुष्कळांनी पाहिली असतील, माणसाच्या संस्थांचेही प्रदर्शन असू शकते असा विचार थोडेच करतात. मग एकेक व्याख्या घेऊन तपासतात, जातीचे मूळ आपल्याच जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे हे दाखवतात. जातीचे चटके स्वतः सोसलेला हा तरुण त्यात कुठे आरडाओरड करीत नाही. आणि शेवटी काय सांगतो? आपला सिद्धांत हा अखेरचा शब्द नाही, तो टिकण्यासारखा नाही असे दिसले तर आपण तो सोडायला तयार आहोत. बंधूंनो, ही नागसेनाची अट झाली. इथे ती बोलणाऱ्याने स्वतःवर घातली. पुढच्या वर्षी तो निबंध छापून आला, आणि आज शंभराहून अधिक वर्षे झाली तरी जगातली विद्यापीठे तो वाचतात.

समोरचा पंडितांच्या रीतीने बोलायला तयारच नसेल तर काय करायचे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याची किंमत आपल्या मुलांनी मोजलेली आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात आपली घरे जळाली, माणसे मारली गेली. एका नावासाठी! नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ती साडेपंधरा वर्षे विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, चौकाचौकात भाषणे केली. शाहिरांनी रात्री जागवल्या. तेव्हाची गाणी आजही आपल्या आया गातात.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात वसतिगृहातून काढलेल्या पाच संशोधक विद्यार्थ्यांनी उघड्यावर तंबू ठोकला, त्याला बाबासाहेबांच्या आणि इतर महामानवांच्या चित्रांच्या भिंती केल्या आणि त्याला वेलीवाडा, म्हणजे तेलुगूत गावाबाहेरची आपली वस्ती, असे नाव दिले. विद्यापीठाच्या मधोमध त्यांनी गावकुसाबाहेरचे गाव उभे करून दाखवले. याहून बोलके चित्र कोणता चित्रकार काढील? १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांच्यातल्या रोहित वेमुला याने आपले जीवन संपवले. त्यानंतर देशभरच्या महाविद्यालयांत मुले पथनाट्ये घेऊन, डफ घेऊन बाहेर पडली. पण रोहित परत आला नाही. ज्या आईबापांची मुले आज दूर शहरात शिकत आहेत त्यांना मी हात जोडून विनंती करतो, की मुलाच्या गुणांची चौकशी करता तशी त्याच्या मनाचीही चौकशी करा. कॉलेजात कोणाशी बोलतोस? जेवायला कोणाबरोबर बसतोस? कोणी काही बोलले का? मुलगा 'काही नाही' म्हणाला तर फोन लगेच ठेवू नका. आणि मुलांनो, ज्याला एकाकी वाटते त्याने आधी एका माणसाशी बोलावे. शेकडो श्रोत्यांपुढचे भाषण नंतरही करता येईल.

शेवटी एक व्यवस्थेचे बोलतो. महाविद्यालयाने नागसेनाची अट पाळावी अशी आपण मागणी करतो. ही अट आपल्या विहारात आपण पाळतो काय? इथे मुलगी बोलायला उभी राहिली आणि तिने आपल्याच मंडळाच्या हिशेबाबद्दल प्रश्न विचारला, आपल्या घरात आजही पोटजात पाहून सोयरीक होते असे सांगितले, तर आपण पंडितांसारखे ऐकू की राजांसारखे चिडू? विशाखाच्या प्रश्नांना धम्मदिन्ना भिक्षुणीने उत्तरे दिली, तेव्हा मीही अशीच उत्तरे दिली असती असे तथागतांनी सांगितले. धम्मात बाईच्या बोलण्याला हा मान आहे.

म्हणून विहाराच्या कार्यकारिणीशी बोलून असे ठरवले आहे. या वर्षावासात दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर एक तास महाविद्यालयीन मुलामुलींचा राहील. पाहुणा नाही, सत्कार नाही, ध्वनिक्षेपक नाही. एकाने पंधरा मिनिटे बोलायचे, स्वतः लिहिलेले. उरलेल्या वेळात इतरांनी प्रश्न विचारायचे. पहिल्या दोन रविवारी मुली बोलतील. ज्यांना बोलायचे नाही त्यांनी भिंतीपत्रक काढावे, त्यासाठी दाराजवळचा फळा मोकळा ठेवला आहे, कागद आणि रंग शाळेतून मी आणीन. अशोक विजयादशमीला मिरवणुकीचा खर्च निम्मा करून त्या पैशात प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका मुलांनी बसवावी अशी सूचना आली आहे. त्याला पुढच्या बैठकीत मंजुरी घ्यायची आहे. लेखकाची परवानगी आधी घ्यावी लागेल, ते पत्र मी लिहितो. तालमीला जागा म्हणून विहारामागची खोली रिकामी करायची आहे. तिथे मागच्या जयंतीच्या मंडपाचे बांबू पडलेले आहेत, ते उचलायला उद्या सकाळी सात वाजता चार-पाच जणांनी यावे.

जयभीम.